दाढ, दंतवैद्य आणि धास्ती

दाढदुखीचा एक चमत्कार आपल्यापैकी बहुतेकांनी अनुभवला असेल. रात्रभर दाढ ठणकत असते. लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवून होतो, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या होतात, उशीवर हा गाल, तो गाल करून होतो आणि 'उजाडताच दंतवैद्याकडे जाईन' अशी शपथही घेऊन होते. सकाळी दवाखान्याची पाटी दिसते, आतल्या यंत्राची ती बारीक घर्रघर्र कानी पडते आणि काय आश्चर्य! ठणका एकाएकी थांबलेला असतो. मग 'आता बरं वाटतंय, दिवाळी होऊन जाऊ द्या' असे म्हणून स्वारी घराकडे वळते.

दाढेतली कीड मात्र तिथेच असते. तिला दिवाळी नाही आणि पाडवा नाही. फराळाची चकली कडाडली की ती पुन्हा जागी होते.

या भीतीला आपण हसतो. 'एवढा मोठा माणूस आणि सुईला भितो!' अशी थट्टा करतो. पण जगभरच्या दंतवैद्यांना ही भीती चांगली ठाऊक आहे. तिची मोजदाद करण्याच्या पद्धती आहेत आणि तिच्यावर उपायही आहेत. त्यांतला एक उपाय म्हणजे उपचाराच्या थोडे आधी पोटात घ्यावयाची शामक गोळी. ही गोळी भित्र्या माणसाला त्या खुर्चीत स्वस्थ बसवू शकते. पण ती नीट समजून घेतली नाही, तर दाढेपेक्षा मोठे संकट ओढवू शकते. म्हणून या दिवाळीत तिची ओळख करून घेऊ या.

तुमची भीती किती गुणांची?

नॉर्मन कोरा नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९६९ साली दंतोपचाराच्या भीतीचे एक माप तयार केले. त्यात अवघे चार प्रश्न होते. पुढे १९९५ मध्ये त्यात पाचव्या, इंजेक्शनच्या प्रश्नाची भर पडली. वाचकहो, ही परीक्षा घरबसल्या देता येते. पाच प्रसंग डोळ्यांपुढे आणा: उद्या दंतवैद्याकडे जायचे आहे, दवाखान्यात बाहेर बाकावर नंबराची वाट पाहत बसला आहात, दात कोरण्याचे यंत्र आता चालू होणार आहे, दातांवरची कीट खरवडून काढायची आहे, आणि हिरडीत सुई टोचायची आहे. प्रत्येक प्रसंगाला 'मुळीच भीती वाटत नाही' यासाठी १ आणि 'जीव घाबराघुबरा होतो' यासाठी ५, असे गुण द्या. बेरीज ५ ते २५ च्या दरम्यान येईल. १९ किंवा त्याहून अधिक आली, तर तुमची भीती थट्टेवारी नेण्यासारखी नाही. ती डॉक्टरांच्या कानावर घालण्यासारखी आहे.

ही बेरीज अधिक आली म्हणून कुणी स्वतःला भेकड समजू नये. रात्री-अपरात्री एकटे शेतात जाणारा, साप दिसला तर काठी घेऊन उभा राहणारा गडी त्या खुर्चीत घामाघूम होतो. कारणही उघड आहे. खुर्चीत आपण उताणे असतो, तोंड उघडे असते, बोलता येत नाही आणि काय चालले आहे ते दिसत नाही. ज्या जागेतून आपण श्वास घेतो आणि बोलतो, तीच जागा दुसऱ्याच्या हाती दिलेली असते. त्यातून लहानपणी एखादी दाढ नीट बधिर न होताच उपटली गेली असेल, तर ती आठवण जन्मभर पाठ सोडत नाही.

भीतीचे रहाटगाडगे

आता आपण जरा यवतमाळ जिल्ह्यात जाऊ. दारव्हा तालुक्यात बोरी अरब नावाचे गाव आहे. कापूस, तूर, सोयाबीनचा मुलूख. आपल्यापैकी कित्येकांचे आजोळ किंवा मामाचे घर अशाच एखाद्या गावी असते. समजा, या गावचे एक पन्नाशीचे शेतकरी गृहस्थ आहेत. खालची दाढ किडली आहे. घरातून टुमणे चालू आहे, "अवो, एकदा जाऊन दाखवा नं!" त्यावर गृहस्थांचे उत्तर ठरलेले, "ठणक थांबली नं आता, मंग कायले जायाचं?" फारच खोदून विचारले तर खरे कारण बाहेर येते, "मले दाढीचं काही नाही. पण ते सुई पाहिली का हातपाय गार पडते."

अशा दहा फेऱ्या टळतात. सुरुवातीला जिथे थोडे कोरून चांदी-सिमेंट भरल्याने भागले असते, तिथे कीड दाढेच्या मज्जेपर्यंत पोचते, मुळाशी पू धरतो, गाल सुजतो. वेदना असह्य झाल्यावर गृहस्थ जातात. पण आता एक नवीच अडचण उभी राहते. सूज आणि पू झालेल्या जागी शरीराचा द्रव आम्ल होतो आणि अशा जागी बधिर करणारे औषध नीट लागू पडत नाही. लवकर गेले असते तर एका सुईत काम झाले असते. आता दोन-तीन सुया देऊनही कळ जात नाही. दुखते. दुखले म्हणून भीती वाढते. भीती वाढली म्हणून पुढची दाढ आणखी उशिरा दाखवली जाते. विहिरीवरच्या रहाटगाडग्यासारखे हे चक्र फिरत राहते आणि प्रत्येक फेऱ्यात एकेक दात ओढून नेते.

दाताचेच नुकसान असते तर एक वेळ कवळीवर भागले असते. पण विदर्भात तोंडाच्या बाबतीत दिरंगाई करणे विशेष घातक आहे आणि त्याचे कारण म्हणजे खर्रा. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून केलेला हा पदार्थ यवतमाळ, वर्धा, चंद्रपूर, नागपूर या भागांत गालात धरून बसण्याची सवय फार. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली, पण खर्र्याची सवय काही सुटली नाही. सुपारीमुळे गालाचे आतले अस्तर निबर होत जाते, त्यात दोऱ्यांसारखे पट्टे तयार होतात आणि तोंड उघडेनासे होते. पुढे त्यातल्या काहींना कर्करोग होतो. गालातला पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, या गोष्टी दात तपासताना दंतवैद्याच्या नजरेस सहज पडतात. पण तपासायला जाणेच टळले तर? सुईच्या भीतीने टाळलेली ती फेरी कधी कधी अशी महागात पडते.

दुखणे जिंकले, भीती उरली

शस्त्रकर्माची भीती काही आजची नाही. आपल्या सुश्रुताने शस्त्रकर्मापूर्वी रोग्याला इष्ट अन्न द्यावे आणि मद्य पिणारा असेल तर त्याला तीक्ष्ण मद्य पाजावे, म्हणजे शस्त्र जाणवत नाही, असे सांगून ठेवले आहे. त्याच सुश्रुताने तोंडाच्या रोगांत मात्र शस्त्रकर्म उपाशीपोटी करावे असे बजावले आहे. गुंगी आणि रिकामे पोट या दोन्ही गोष्टींचा विचार इतका जुना आहे. त्या दोन्ही गोष्टी पुढे पुन्हा येणार आहेत.

आधुनिक भुलेचा जन्म तर दंतवैद्यांच्याच हातून झाला. १८४४ च्या डिसेंबरात अमेरिकेतील हार्टफर्ड गावी हसवणाऱ्या वायूचा, म्हणजे नायट्रस ऑक्साइडचा, करमणुकीचा खेळ चालला होता. वायू हुंगलेल्या एका माणसाच्या पायाला जोराचा मार लागला, पण त्याला त्याचा पत्ताच नव्हता. प्रेक्षकांत होरेस वेल्स हा दंतवैद्य बसला होता. दुसऱ्याच दिवशी त्याने तो वायू स्वतः घेतला आणि आपली दाढ सहकाऱ्याकडून काढून घेतली. पुढे बोस्टनला केलेले त्याचे प्रात्यक्षिक फसले आणि त्याची हुर्यो झाली. पण विल्यम मॉर्टन या दुसऱ्या दंतवैद्याने १६ ऑक्टोबर १८४६ रोजी त्याच बोस्टनमध्ये ईथर देऊन शस्त्रक्रिया वेदनारहित करून दाखवली. त्यानंतर १८८४ मध्ये कार्ल कोलरने कोकेनने डोळा बधिर केला. विसाव्या शतकाच्या आरंभी नोवोकेन आले. १९४३ मध्ये स्वीडनच्या निल्स लोफग्रेनने लिग्नोकेन तयार केले. आजही दाढ काढण्यापूर्वी आपल्या हिरडीत जे टोचतात, ते बहुधा हेच.

म्हणजे दुखण्यावर मात झाली. पण सुई हातात घेतलेला डॉक्टर दिसताच छातीत जी धडधड होते, तिचे काय? त्यासाठी १८६९ पासून क्लोरल हायड्रेट आणि १९०३ पासून बार्बिट्युरेट जातीची झोपेची औषधे वापरात आली. त्यांचा दोष असा, की झोप आणणारी मात्रा आणि श्वास बंद पाडणारी मात्रा यांत अंतर थोडे. हात जरासा सैल पडला की जिवावर बेतायचे.

साफसफाईत सापडलेली गोळी

यानंतरची हकीकत दिवाळी अंकात शोभण्यासारखी आहे. अमेरिकेत हॉफमन-ला रोश या औषध कंपनीत लिओ स्टर्नबाख नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी काही नवी रसायने बनवली होती. त्यांतून विशेष काही निष्पन्न होईना, म्हणून ते काम बाजूला पडले. १९५७ साली प्रयोगशाळेची आवराआवर निघाली, अगदी आपल्याकडे दिवाळीपूर्वी माळा झाडायला काढतात तशी. त्या आवराआवरीत फळीवर न तपासलेले एक रसायन सापडले. टाकून देण्याऐवजी ते तपासायला पाठवले आणि त्याने प्राण्यांना बेशुद्ध न करता शांत केले! १९६० मध्ये ते 'लिब्रियम' नावाने बाजारात आले. त्याचाच धाकटा भाऊ डायझेपाम १९६३ मध्ये 'व्हॅलियम' म्हणून आला. आपल्याकडे हेच औषध 'काम्पोज' या नावाने घरोघर माहीत झाले. याच कुळातले मिडाझोलाम १९७० नंतरच्या दशकात तयार झाले. ते लवकर चढते आणि लवकर उतरते. या कुळाला बेन्झोडायझेपिन म्हणतात. दंतोपचाराच्या आधी पोटात देण्याची शामके बहुतेक याच घराण्यातली.

गोळी काय करते आणि काय करत नाही

आपल्या मेंदूत गाबा नावाचे एक रसायन निसर्गतःच असते. त्याचे काम पेशींची कलकल शांत करणे. ही गोळी त्या गाबाच्या कामाला जोर देते. रेडिओ फार मोठ्याने चालला असता कळ फिरवून आवाज बारीक करावा, तसे होते. रेडिओ बंद पडत नाही. रोगी जागा असतो. 'काका, तोंड जरा मोठं उघडा' म्हटले की उघडतो, प्रश्नाला उत्तर देतो. पण मनातला गलका खाली बसलेला असतो. स्नायू सैल पडतात, वेळ भरभर गेल्यासारखा वाटतो आणि विशेषतः मिडाझोलामसारख्या औषधाने त्या तासाभरातले पुष्कळसे नंतर आठवतही नाही.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. ही गोळी दुखणे थांबवत नाही. दाढ बधिर करण्याची सुई द्यावीच लागते. गोळीने एवढेच होते, की ती सुई घेताना रोगी खुर्चीचे हात घट्ट धरून बसत नाही, मान हिसडत नाही, डॉक्टरांनाही घाई करावी लागत नाही. शांत रोग्यावर शांतपणे काम होते.

गोळीचे गुण म्हणजे ती द्यायला सोपी, तिला सुई लागत नाही आणि खर्च थोडा. पण पोटातून जाण्यातच तिचा मोठा दोषही आहे. शिरेतून दिलेले औषध थेंबाथेंबाने वाढवता येते आणि पुरे झाले की थांबवता येते. गिळलेली गोळी पोटातून, यकृतातून आपल्या चालीने रक्तात येते. एकाला अर्ध्या तासात डुलकी लागते, तर दुसरा दीड तासानेही टक्क जागा. इथेच मोहाचा क्षण असतो. 'एकीनं काहीच झालं नाही, आणखी एक घेऊ' असे म्हणून दुसरी घेतली जाते. मग पहिली आणि दुसरी दोघी मिळून चढतात आणि श्वास मंदावतो. म्हणून दुसरी गोळी स्वतःच्या विचाराने कधीही घेऊ नये. मात्रा किती घ्यावी, हेही या लेखात मुद्दामच सांगितलेले नाही. वय, वजन, यकृताची स्थिती, इतर औषधे हे सारे पाहून ती ठरवायची असते आणि ते काम समोर बसलेल्या डॉक्टरांचे आहे.

कोणाला ही गोळी मानवत नाही?

रात्री मोठ्याने घोरणारे आणि झोपेत मध्येच श्वास अडकणारे, दम्याचे किंवा फुप्फुसाच्या जुन्या विकाराचे रोगी, यकृत बिघडलेले, गरोदर स्त्रिया आणि अंगावर पाजणाऱ्या माता, काचबिंदूच्या काही प्रकारांचे रोगी, या साऱ्यांनी आपली हकीकत आधी सांगितलीच पाहिजे. वृद्धांना औषध फार काळ अंगात राहते. तोल जाऊन पडण्याचे भय असते. क्वचित शांत होण्याऐवजी ते उलटे बेचैनही होतात.

दुसरी गोष्ट, औषधांची गाठ. धीर यावा म्हणून दवाखान्यात जाण्यापूर्वी 'थोडीशी घेण्याची' काहींना खोड असते. मद्य आणि ही गोळी दोन्ही श्वास मंद करतात. एकत्र आल्या की हे संकट दुणावते. दाढदुखीसाठी पुष्कळदा दिले जाणारे ट्रामाडोल, कोडीन असलेले खोकल्याचे औषध, रोजची झोपेची गोळी, यांचेही तेच. अफूच्या जातीची वेदनाशामके आणि बेन्झोडायझेपिन एकत्र घेण्याबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये कडक इशारा दिला. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन यांसारखी जंतुनाशके आणि बुरशीवरची काही औषधे मिडाझोलामला रक्तात अधिक वेळ रेंगाळत ठेवतात. म्हणून दवाखान्यात जाताना घरातल्या औषधांची पिशवीच बरोबर न्यावी. आपल्याला क्षुल्लक वाटणारी पुडी डॉक्टरांना महत्त्वाची वाटू शकते.

आणि इथे पुन्हा खर्रा आडवा येतो. गुंगीत श्वास अडखळलाच, तर डॉक्टरांना हनुवटी वर करून, तोंड उघडून श्वासमार्ग मोकळा करावा लागतो. ज्याचे तोंड मुळातच दोन बोटे उघडते, त्याच्या बाबतीत हे करणे अवघड. घरी एक सोपी चाचणी करून पाहावी. आपलीच तीन बोटे एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये शिरतात का? शिरत नसतील तर दाढ दुखो वा न दुखो, तोंड तपासून घ्यावे. अशा माणसाला शामक द्यायचेच, तर ते भूलतज्ज्ञ हाताशी असलेल्या मोठ्या रुग्णालयातच दिलेले बरे. विदर्भात तशी सोय दूर नाही. नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय १९६८ पासून चालू आहे आणि वर्ध्याजवळ सावंगी मेघे येथेही दंत महाविद्यालय आणि त्याला लागून मोठे रुग्णालय आहे.

सोबतीला कोण?

आता आपल्या बोरी अरबच्या गृहस्थांकडे परत वळू. समजा, त्यांनी मनाचा हिय्या केला, डॉक्टरांनी तपासून गोळीचा सल्ला दिला आणि दिवस ठरला. शहरात राहणाऱ्याला हे सोपे असते. बायको किंवा मुलगा बरोबर येतो, उपचार झाल्यावर रिक्षा करून घरी येऊन निजता येते. खेड्यातल्या माणसाची गोष्ट निराळी. यवतमाळला जायचे म्हणजे एस.टी. किंवा पुतण्याची मोटारसायकल. एकेकाळी दारव्ह्यावरून जाणारी 'शकुंतला' ही चिमुकली आगगाडी होती. तीही आता बंद पडली आहे. पुतण्या म्हणतो, "काकाजी, बसा मागं, अर्ध्या-पाऊण घंट्यात घरी!" आणि धोका नेमका इथेच आहे. गोळीच्या गुंगीत मोटारसायकलच्या मागच्या बैठकीवर बसलेला माणूस एका गचक्यात रस्त्यावर पडू शकतो. बरोबर माणूस आहे एवढ्याने भागत नाही. परतीला चारचाकी वाहन हवे, नाहीतर त्या रात्री गावातच एखाद्या नातेवाइकाकडे मुक्काम हवा. हे डॉक्टरांना आधी सांगितले तर तेही दिवस आणि वेळ त्याप्रमाणे ठरवतात. परतीची अशी व्यवस्था होतच नसेल, तर गोळी न घेता दुसरा मार्ग शोधलेला चांगला.

या उपचाराचे काही नियम सोपे आहेत, पण पाळले पाहिजेत. संमतीच्या कागदावर सही गोळी घेण्यापूर्वी करावी. नंतरची सही डुलकीतली. किती तास काही खायचे नाही आणि पाणी केव्हापर्यंत प्यायचे, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारून घ्यावे. गुंगीत उलटी झाली तर अन्न श्वासनलिकेत जाऊ नये, एवढ्यासाठी ही खबरदारी. मधुमेहाच्या रोग्यांनी उपवास आणि औषध यांचा मेळ आधीच बसवून घ्यावा. उपचाराच्या वेळी बोटाला लावून रक्तातला प्राणवायू मोजणारे यंत्र, ज्याची ओळख २०२० च्या करोनाच्या साथीत घरोघर झाली, ते दवाखान्यात असावे. प्राणवायूची टाकी आणि ती वापरू जाणणारा माणूस असावा. या औषधाचा उताराही आहे. त्याचे नाव फ्लुमाझेनिल. तो सुईवाटे देतात. पण त्याचा अंमल लवकर ओसरतो आणि मूळ गुंगी पुन्हा येऊ शकते. म्हणून 'उतारा आहे नं' म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

घरी आल्यावर चोवीस तास गाडी चालवू नये, विहिरीवरचा पंप चालू करायला जाऊ नये, फवारणी करू नये, गॅसशेगडीपाशी एकट्याने काम करू नये आणि जमिनीच्या किंवा पैशाच्या कुठल्याही कागदावर सही करू नये. डॉक्टरांच्या सूचना सोबतच्या माणसाने ऐकाव्यात, शक्यतो लिहून घ्याव्यात. रोग्याने मान डोलावली असेल, पण दुसऱ्या दिवशी त्याला त्यातले काही आठवेल याचा भरवसा नसतो.

कपाटातली गोळी नको

मध्यमवर्गीय घरांत एक डबा असतो. त्यात आजोबांची उरलेली झोपेची गोळी, काकूंना कधीतरी दिलेली 'मन शांत राहण्याची' गोळी असा ऐवज जपून ठेवलेला असतो. दंतवैद्याकडे जाताना त्यातली एक तोंडात टाकावी, असे वाटणे साहजिक आहे. तसे करू नये. कोणाला किती काळ चढेल ते सांगता येत नाही आणि दंतवैद्याला त्याचा पत्ताच नसतो. सरकारनेही ही औषधे मोकळी सोडलेली नाहीत. डायझेपाम, अल्प्राझोलाम, मिडाझोलाम ही औषधे 'एच-१' या अनुसूचीत आहेत; २०१४ पासून दुकानदाराला चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांचे आणि रोग्याचे नाव वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपावी लागते. ही कटकट नसून राखण आहे. रोज रोज घेतली तर ही गोळी सवय लावते आणि ती सोडणे दाढ काढण्यापेक्षा कठीण जाते. दंतोपचारासाठी ती एखाददुसऱ्या वेळची गोष्ट.

मुलांच्या बाबतीत तर सावधगिरी दुप्पट हवी. लहान मुलाला मिडाझोलामचे गोड सरबत करून देतात खरे, पण ते रुग्णालयात, वजनावर मोजून आणि मुलावर सतत नजर ठेवून. घरी पाजून मुलाला मांडीवर निजवत दवाखान्यात न्यायचे, हे कधीही करू नये. मान पुढे कलंडली तरी लहानग्याचा श्वास अडकू शकतो.

गोळीने भागते, भीती जात नाही

या गोळीची एक मर्यादा सांगितली नाही तर लेख अपुरा राहील. जर्मनीत २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दाढ काढून घ्यायला आलेल्या घाबरट रोग्यांपैकी काहींना शामक औषध दिले, तर काहींना मानसोपचाराची एकच बैठक दिली. त्या दिवशी दोघांचीही भीती कमी झाली. पण पुढे, गोळी घेतलेल्यांची भीती परत आली. ज्यांना भीतीशी सामना करायला शिकवले होते, ते उपचाराला येत राहिले. यात नवल नाही. जो प्रसंग नीट आठवतच नाही, त्यातून मन काय शिकणार?

म्हणून शहाणा दंतवैद्य गोळीला पूल समजतो. पू झालेली दाढ आज काढलीच पाहिजे, तिथे गोळी नदीपार नेते. पण पुढच्या फेरीला तो दुसरी साधने वापरतो. आधी सांगायचे, मग दाखवायचे, मग करायचे, ही पद्धत मुलांसाठी निघाली. मोठ्यांनाही ती तितकीच लागू पडते. 'डावा हात वर केलात की मी थांबेन' एवढा करार केला, तरी रोग्याच्या हाती सूत्र येते. सुई टोचण्यापूर्वी हिरडीला बधिर करणारे मलम लावता येते. मिटलेल्या डोळ्यांनी सावकाश दीर्घ श्वास घेता येतो. पहिल्या भेटीत नुसती तपासणी करून परत पाठवणारा डॉक्टर आपला वेळ फुकट घालवत नसतो. तो भीतीचा पहिला हप्ता फेडून घेत असतो.

आणि घरच्यांचेही एक काम आहे. 'जेवला नाहीस तर डॉक्टरांकडे नेईन, सुई टोचतील!' हा आपल्या घरोघरचा मंत्र. या मंत्राने मूल दोन घास जास्त खाते. पण चाळीस वर्षांनी तेच मूल ठणकणारी दाढ धरून दवाखान्याच्या पायरीवरून परत फिरते. मोठ्यांची थट्टाही तशीच. घरातल्या कुणी वडीलधाऱ्याने 'भेव लागते' असे कबूल केले, तर हसण्याऐवजी त्यांच्याबरोबर जायला निघावे. दंतवैद्याने उपचाराला हात घालण्यापूर्वी त्यांना एकच वाक्य सांगावे: 'डॉक्टर, यांना फार भीती वाटते, यासाठी काय करता येईल?' गोळी द्यायची की नुसता धीर द्यायचा, हे त्यानंतर ठरते. पण ते वाक्य कानावर गेले, म्हणजे अर्धे काम झाले. पाडवा-भाऊबीज आटोपली, पाहुणे पांगले, की घरातल्या ज्या दाढेची फेरी वर्षभर टळली आहे तिचा दिवस ठरवून टाकावा आणि सोबतीला कोण जाणार, तेही त्याच वेळी ठरवावे.